पहिल्या फेरीला मागे बसलेला शेजारी

"काढा ते!"

आमच्या शेजाऱ्यांचा हा नमस्कार. मी गेटला निळा रंग दिला, तशी कंपाउंडच्या भिंतीवर त्यांची पांढऱ्या केसांची मान उगवली. "काढा ते!" मी पन्नाशीत मिशी वाढवली. "काढा ते, साहेब. मांजर चिकटल्यावानी दिसतंय!"

शिरूरच्या एसटी डेपोत त्यांचा उभा जन्म फिटर म्हणून गेला. मी कारेगावच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतो. माझ्या शेवग्याचा पाला त्यांच्या अंगणात पडायचा, एवढ्यावर आमचं सात वर्षं छान वैर चाललं होतं. छान म्हणजे कसं, तर दोन्ही बाजूंनी मनापासून.

मग मी जुनी क्रूझर मोटारसायकल घेतली. लांबलचक, पोट जमिनीला टेकवून बसलेल्या म्हशीसारखी. तिला उंच हँडल हवंच, असं माझ्या मनानं घेतलं. हँडल घरपोच मागवलं. रविवारी अंगणात गोणपाट अंथरलं, मोबाईलवर व्हिडिओ लावला, पाने मांडले. आता नाटक म्हटलं की प्रेक्षक आलाच. भिंतीवर मान, हातात चहाची बशी.

"केबली लांब घेतल्यात का?"

"पुरतात जुन्याच."

"पुरत्यात न्हाई, ताणल्यात. इंजिन चालू ठिवा आन् हँडल पुरतं डावीकडं वळवा."

"आबा, तुम्ही तुमच्या अंगणात वळवा काय वळवायचं ते!"

त्यांनी बशी भिंतीवर आपटली. मला कोण आनंद झाला म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवशी दौंडला मेव्हण्याची वास्तुशांत होती. बायको पैठणी नेसून मागच्या सीटवर बसली. मी बटण दाबलं. गाडी ढिम्म. पुन्हा दाबलं. तेवढ्यात आबा गेट उघडून आत आले. सात वर्षांत पहिल्यांदा. त्यांच्या हातात माझ्या गाडीच्या स्पार्क प्लगचं टोपण होतं.

"चोर!" मी ओरडलो. गल्ली गोळा झाली.

"व्हय, चोर. वहिनी, उतरा खाली."

माझ्या सांगण्यानं बायको कधी उतरली नसती, पण त्यांच्या एका शब्दावर उतरली! त्यांनी टोपण बसवलं, इंजिन चालू केलं आणि हँडल डावीकडे टोकापर्यंत नेलं. मूठ कुणी पिळली नव्हती, तरी गाडी स्वतःहून किंचाळायला लागली. ताणलेली अ‍ॅक्सिलरेटरची केबल वळणासरशी ओढली जात होती. माझ्या डोळ्यांपुढे आलं ते असं: दौंडचा चौक, डावं वळण, समोर उसाचा ट्रॅक्टर आणि मागे पैठणी.

बायको एसटीनं गेली. मी लांब केबली आणायला गेलो.

दुपारभर आबांनी त्या बसवल्या. ब्रेकचा पाइपही लांब टाकला. हाताला काम आणि तोंडाला माझा उद्धार. काम संपलं तसे धोतर सावरून मागच्या सीटवर बसले.

"हे काय?"

"डेपोचा रिवाज. स्टेअरिंगला ज्यानं हात लावला, पहिल्या फेरीला त्यानं गाडीत बसायचं. मरायचं तर फिटरनं मरावं. पासिंजरानं का?"

न्हावऱ्यापर्यंत गेलो आणि आलो. अख्ख्या वाटेत त्यांनी माझ्या खांद्याला हात लावला नाही. दोन्ही पंजे स्वतःच्या गुडघ्यांवर. वैर म्हणजे वैर. घरी उतरले आणि म्हणाले, "आता बसवा वहिनीला. आन् तो पाला उचला."

दुसऱ्याच दिवशी शेवग्याविरुद्ध त्यांचा नगरपरिषदेत अर्ज!

पुढे आबांचे पाय गेले, तशी त्यांना लेकीनं दौंडला नेलं. निरोप घ्यायला मी भिंतीपाशी गेलो. त्यांनी तोंड फिरवलं. मीही फिरवलं. गेल्या पावसाळ्यात ते गेल्याचा फोन आला.

दहाव्याला आम्ही दोघं गाडीवरूनच गेलो. लेकीनं हँडलकडे पाहिलं आणि विचारलं, "तुम्हीच का ते शिरूरचे साहेब? बाबा तुम्हाला रोज शिव्या द्यायचे."

"रोज?"

"रोज. आन् मग म्हणायचे, त्या बाईला नीट नेतो का न्हाई कुणास ठाऊक."

माझ्यावर एवढ्या निष्ठेनं दुसऱ्या कुणी राग धरला असेल, असं वाटत नाही.

लेकीची गल्ली अरुंद. गाडी वळवायला हँडल पुरतं डावीकडे न्यावं लागलं. मागे बायकोनं माझा खांदा घट्ट धरला. इंजिन आपलं डुगडुग, डुगडुग, एका लयीत चालत राहिलं.