धवल्यामधली हाक

विचुंब्याला कॅसेटवरची गाणी सीडीवर उतरवून देणारे एक काका आहेत. कॅसेट संपेपर्यंत ते बोलत नाहीत; गिऱ्हाईक आलं तरी तळहात दाखवून थांबवतात. खोकला, भांडी, कुत्री, सगळे आवाज काढून टाकतात.

माझी आई लग्नघरी हळदीला धवले गायची. ती गेल्यावर तिची कॅसेट मी त्यांच्याकडे दिली. सीडी घरी लावली, तर गाता गाता मध्येच आईने मला हाक मारली, “बाय, जेवलीस का गो?”

मी परत गेले. “काका, एवढं काढायचं राहिलं का?”

“राहिलं नाय, ठेवलंय. धवले दुसरी कोनपन गाईल. तुला जेवलीस का, कोन इचारनार?”

मी काही बोलणार, तर त्यांनी तळहात दाखवला. मशीनवर दुसऱ्या कुणाची तरी आई गात होती.