नाव विचारणारी सिस्टर

गंगेपलीकडच्या रामनगरहून येणारी ती सिस्टर गोळी देण्याआधी दर वेळी माझ्या वडिलांना नाव विचारायची. "महीना हो गया, अब तो पहचानिए," बाबा कुरकुरायचे. वॉर्डातल्या डिग्रीवाल्या सिस्टर तिच्या जुन्या ट्रेनिंगला हसायच्या.

एकदा ती विचारायला विसरली आणि शेजारच्या खाटेची गोळी बाबांना गेली. त्रास काही झाला नाही, कुणी पाहिलंही नव्हतं. तरी तिने ते रजिस्टरमध्ये लिहिलं आणि मला येऊन म्हणाली, "गलती मुझसे हुई, भैया."

मी त्याच दिवशी डिग्रीवाली सिस्टर मागून घेतली. तिने गोळी पुढे केली की बाबा आपणहून नाव सांगतात.

रजिस्टरमध्ये लिहिलं म्हणून बाकीच्या आता त्या जुन्या सिस्टरशी बोलत नाहीत. ती जिन्यात एकटीच डबा खाते. मी हल्ली लिफ्टने जातो.