गॅसच्या घरी विस्तव नाही

माझे भासरे टिकाराम, म्हणजे आमच्या ह्यांचे मोठे भाऊ, त्यांच्याशी मी जन्मभर सरळ बोलले नाही. भांडण नव्हतं, आमच्याकडं रीतच तशी. मी दाराच्या खांबाशी बोलायची, तेही खांबाशीच बोलायचे. खांब मोठा समंजस, कधी चहाडी केली नाही.

कटंगीजवळच्या आमच्या गावात लोक त्यांना हसायचे, कारण पुरुष असून ते चुलीची काळजी करायचे. जाऊबाईंचे डोळे धुरानं गेले, मग त्याही गेल्या. तेव्हापासून घरात कोणी फुंकणी उचलली की भासरे उठून बाहेर जात.

त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर साली मातीचं तेल मिळेनासं झालं. लढाई कुठं तिकडं परदेशात, अन् वात सुकली आमच्या कंदिलाची. हे गणित मला अजून सुटलं नाही. त्याच साली भासऱ्यांनी परसात गोबर गॅसची टाकी बांधली. शेणातून निळा जाळ, धुराचं नाव नाही! गाव बघायला लोटलं.

"टिकाराम, भाकरीले शेणाचा वास येते का रे?" म्हाताऱ्या डोमाजीनं विचारलं.

"तू खाऊन पाह्य. तुले फरक नाही कळायचा."

पण टाकीचं पोट मोठं अन् आमची ढोरं चार. गावची ढोरं चरायला जाण्याआधी आखरावर जमत. तिथलं शेण ढोरं राखणाऱ्या गायकीचं, ही जुनी रीत. आमचा गायकी चैतराम. त्याची बायको सत्यभामा त्याच शेणाच्या गोवऱ्या थापी, त्यावरच तिची चूल.

"आखराचं शेण मले देशील का?" भासऱ्यांनी चैतरामला विचारलं.

ज्यांच्या घरून वर्षाचं धान येतं, त्यांना गायकी काय म्हणणार? "हौ मालक," म्हणाला. भासऱ्यांना ते खरंच हो वाटलं.

दिवाळीच्या आधी एका सकाळी सत्यभामा खापर घेऊन दारात आली. काडेपेटी जपून वापरायचे दिवस ते. विस्तव शेजारून आणायचा.

"बाई, दोन इंगळ दे वं."

मी चुलीकडं पाहिलं. सारवून ठेवलेली, गार. निळा जाळ होता, पण तो खापरात कसा घालून देऊ?

"विस्तव नाही वं आमच्याकडं."

"गॅसच्या घरी विस्तव नाही? मंग काय हवा घेऊन जाऊ?" हसली, अन् रिकामं खापर घेऊन गेली.

पूस महिन्यात टाकीलाच थंडी वाजली, जाळ बसला. घरात लाकडं होती थोडी, पण काडेपेटी सर्दलेली अन् गोवरी एक नाही. मी खापर घेऊन सत्यभामाकडं गेले. खोपटात धूर कोंडलेला. ती ओली लाकडं फुंकत होती, डोळे लालभडक.

"जंगलखात्याच्या नाकेदारानं कुऱ्हाड ठेवून घेतली. आता जंगलातून हातानं मोडते तेवढंच आणतो," ती म्हणाली. मी परत फिरणार, तर तिनं माझं खापर ओढून भरलं. "विस्तवाले कोणी नाही म्हणते का?"

भासरे जेवायला बसले तेव्हा त्यांनी खांबाला विचारलं, "विस्तव कोठून आणला?"

मी खांबाला सांगितलं. ओली लाकडंही सांगितली, अन् तिचे डोळे जाऊबाईंसारखे झालेत, हेही.

भासरे भरल्या ताटावरून उठले. आपल्या घरातली फुंकणी त्यांनी दुसरीच्या हातात नेऊन दिली होती.

सकाळी आखरावरचं शेण त्यांनी स्वतः उचललं. टोपलं डोक्यावर घेऊन भर गल्लीतून गेले, सत्यभामाच्या दारात ठेवलं.

"काल विस्तव देल्ला त्याच्यासाठी असंल तं नको, मालक."

"त्याच्यासाठी नाही. हे तुयंच होतं. चैतराम हौ म्हणाला, अन् म्या त्याच्या तोंडाकडं पाह्यलंच नाही."

सत्यभामानं टोपलं आत ओढलं. "अन् टाकी?"

"चार ढोरांवर चालंल तेवढी चालंल."

चहापुरती चाललीही. चूल पुन्हा पेटली, राखेखाली इंगळ राहू लागला. भासरे रोज दिवेलागणीला खांबाला विचारत, "विस्तव आहे नं?" मी आहे म्हणायची. तरी मी बाजूला झाले की राख उकरून बघत.

पुढं सत्यभामाला कमी दिसू लागलं. "वय झालं आता, मालक," ती म्हणायची. भासऱ्यांना ते कधी पटलं नाही.