जूनपर्यंतचा बर्फ

काइसाची गाडी तळ्यावर न्यायची होती, पण ती शेडमधून हलेना.

दर हिवाळ्यात गावातली एक भंगार गाडी गोठलेल्या तळ्याच्या मध्यावर उभी करतात. बर्फ वितळून ती कोणत्या दिवशी बुडेल, यावर सगळं गाव पैज लावतं आणि त्या पैशांवर आगीचा बंब चालतो. बुडाली की साखळीने ओढून काढायची.

यंदा गाडी आर्वो निएमीने दिली होती. जन्मभर शाळेची बस चालवून त्याने ती लेकीला घेऊन दिली. काइसा पश्चिमेकडे नोकरीला गेली तेव्हा म्हणाली, "गाडी न्यायला येईनच." दर उन्हाळ्यात आर्वो टायरांत हवा भरून ठेवी. यंदाच्या पानगळीत तिचा फोन आला, "बाबा, देऊन टाका ना ती कुणाला तरी."

पाण्यात तेल जाऊ नये म्हणून बंबावरच्या डुएनने इंजिन आणि बॅटरी आधीच काढली होती. बॅटरीविना गिअरचा दांडा 'पार्क'वर अडकून बसला, चाकं फिरेनात.

"आर्वोकाका, तुमच्यासारखीच हट्टी आहे ही," डुएन म्हणाला. "फरफटत नेतो. नाहीतर राहू दे, माझी जुनी व्हॅन आहेच."

राहू दे, एवढंच म्हणायचं होतं. आर्वोने खिशातून किल्ली काढली.

"फरफटवू नकोस," तो शेवटी म्हणाला.

तो आत बसला. सीट काइसाच्या मापाने पुढे ओढलेली होती. ती त्याने कधी मागे सरकवलीच नव्हती. गुडघे स्टिअरिंगला टेकले. त्याने हँडब्रेक ओढला. दांड्याशेजारचं नखाएवढं झाकण किल्लीने उचकटताना कडेवर जुने ओरखडे दिसले. इथेच त्याने तिला शिकवलं होतं : बॅटरी मेली तरी अडकून पडायचं नाही. ब्रेकवर पाय, भोकात किल्ली दाब, दांडा मागे घे.

"कळलं हो, बाबा. दहादा काय सांगता!"

त्याने किल्ली दाबली. दांडा मुकाट मागे आला. हँडब्रेक सोडल्यावर डुएनच्या एका धक्क्याने गाडी उतारावरून निघाली, इतकी हलकी, जणू इतके दिवस तिला कुणी धरूनच ठेवलं होतं.

संध्याकाळी बंबखान्यात लॉरेन पैजेची तिकिटं फाडत होती.

"बोल आर्वो, कधी बुडणार?"

"वीस जून."

"जून? अरे, तेव्हा पोरं पोहत असतात तिथे! दिवस तरी शहाण्यासारखा घे."

"वीस जूनच लिही," आर्वो म्हणाला. खिडकीतून तळ्यावर उभ्या गाडीचा काळा ठिपका अजून दिसत होता.