ताई, माझं वाढलं

प्रवासाहून परतताना लोक पेढे आणतात, काजू आणतात, काहीच नाही तर किल्ल्या अडकवायची कडी आणतात. मी लोकर आणते. नवरा म्हणतो, "हिला ताजमहालापुढं नेऊन उभी केली, तर ही शेजारच्या बाईच्या स्वेटरची वीण बघत बसेल." बसले होते. वीण चांगली होती.

कुलूहून आले तेव्हा सफरचंदाच्या बागेचा मफलर विणला. खाली मातीचा तपकिरी, मध्ये पानांचा हिरवा, वरच्या टोकाला लाल. कन्याकुमारीला रंगीत वाळूच्या पुड्या मिळतात, त्या रंगांचे उशीचे अभ्रे झाले. ताथवड्याच्या एका कॉलेजात लायब्ररीत आयुष्य गेलं. तिथून निवृत्त झाल्यावर वर्षाला एक सहल आणि सहलीमागं एक विणकाम हा नेम होऊन बसला. घरात त्याचं कौतुक कुणाला नव्हतं. कौतुक होतं ते खालचीला.

खालची म्हणजे आमच्या चिंचवडच्या इमारतीत खालच्या मजल्यावर भाड्यानं राहणारी बाई. मूळची चाकणजवळच्या एका गावची. नवरा कंपनीची बस चालवायचा. मुलींच्या शाळेसाठी त्यांनी सहा वर्षं शहरात काढली. मी तिला तोंडावर 'अगं' म्हणायचे आणि घरात 'खालची'. आता हा शब्द मला खटकतो. तेव्हा खटकत नव्हता, हेही लिहून ठेवते.

ती मणी ओवायची. आईकडून शिकली होती. दाराची तोरणं, पाटाभोवतीची महिरप, कलशाखालची चौकट. पोपट, मोर आणि स्वस्तिक, हे सोडून तिच्या हातून काही उतरत नसे. एकदा मी तिला कन्याकुमारीचे फोटो दाखवले. पंधरा दिवसांनी ती जिना चढून वर आली आणि माझ्यासमोर तिनं तोरण पसरलं. समुद्र होता.

"अगं, तू समुद्र पाहिलायस कधी?"

"न्हाई. पर तुमच्या फोटूत हाय की."

काठाला तिनं निळा मणी घातलाच नव्हता, पिवळट मातकट घातला होता. मी म्हटलं, हे चुकलंय. ती म्हणाली, "ताई, फोटू बगा." मी पाहिलं. काठाचं पाणी वाळूमुळं मातकटच होतं. मी तिथं दोन दिवस राहून आले होते आणि मला ते दिसलं नव्हतं. मला जरा झोंबलं. पण त्या दिवसापासून आमची वाटणी ठरली. मी हिंडून यायचं, फोटो दाखवायचे, मी विणायचं आणि तिनं ओवायचं. तिचा स्वतःचा प्रवास म्हणजे जेजुरी, आळंदी आणि एकदा शिर्डी.

पुढं तिनं हट्ट धरला की विणकाम शिकवा. नवरा पहिल्या शिफ्टची गाडी काढतो, थंडीत कान उघडे असतात, त्याला तुमच्यासारखा सफरचंदाच्या बागेचा मफलर करायचा आहे. मी शिकवायला बसले. शिकवण्याच्या बाबतीत मी वाईट बाई आहे, मला धीर नाही. सुलट टाका, उलट टाका तिनं दोन दिवसांत उचलला. पण नवशिक्यांची जी चूक असते ती तिची काही केल्या सुटेना. टाका बदलताना लोकर पुढंच राहायची आणि सुईवर फुकटचा एक टाका चढायचा. चाळीस घातलेले टाके चार बोटं विणून होईपर्यंत अठ्ठेचाळीस व्हायचे. मफलर म्हणता म्हणता घोंगडी व्हायला लागायची.

"ताई, माझं वाढलं."

"वाढलं ना? मग उसव आणि नव्यानं घाल. किती वेळा सांगायचं?"

हे आमचं रोजचं झालं. मुलींची शाळा संपली, ते गावी परत गेले, तरी फोनवर तेच. आठवड्यातून दोनदा तरी फोन वाजायचा आणि 'हॅलो'सुद्धा न म्हणता ती सुरू करायची. "ताई, माझं वाढलं." मी म्हणायचे, "उसव." कधीकधी दोघी हसायचो. माझा नवरा तिचा फोन आला की आतूनच ओरडायचा, "वाढलं वाटतं!"

दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमधली गोष्ट. आम्ही दुसऱ्या दिवशी सिक्कीमला निघणार होतो. दुपार होती. पलंगावर दोन बॅगा उघड्या पडल्या होत्या आणि नवरा वजनकाटा घेऊन माझ्या मागं लागला होता, कारण मी रिकामी पिशवी न्यायची म्हणत होते, येताना लोकर आणायला. आमचं चांगलंच जुंपलं होतं. तेवढ्यात फोन वाजला. तिचा. मागं बराच गलका होता, कुणीतरी कुणाला तरी हाका मारत होतं. मला वाटलं, बसस्टॉपवर असेल.

"ताई, माझं वाढलं वो."

"वाढलं तर उसव आणि फेकून दे एकदाचं!" मी म्हणाले. "नाही जमत तर नाही जमत. मला आत्ता वेळ नाहीये गं."

मग फोन कट झाला. मला तेव्हाच काहीतरी खुपलं, हे मी नाकारत नाही. तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. मी फोन हातात घेऊन क्षणभर उभी राहिले. नवरा म्हणाला, "तेवीस किलो झालेत." मी फोन पलंगावर टाकला आणि एक स्वेटर बॅगेतून बाहेर काढला.

सिक्कीममध्ये आठ दिवस होतो. गोठलेलं तळं पाहिलं. दोरांना बांधलेल्या रंगीत पताका पाहिल्या आणि त्यातल्या पिवळ्याशी जुळणारी लोकर सापडेपर्यंत तीन दुकानं पालथी घातली. रोज स्टेटसला फोटो टाकले. एकदाही तिला फोन केला नाही. मनात आलं नाही असं नाही. घरी जाऊन निवांत करू म्हटलं.

परत आलो त्या संध्याकाळी पहिल्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "खालच्या ड्रायव्हरचं कळलं ना? गेला बिचारा." गाडीवरून उतरल्यावर छातीत दुखायला लागलं होतं, तळेगावच्या दवाखान्यात ठेवलं होतं, पाचव्या दिवशी गेला. मग काकूंनी आवाज खाली आणला. "तिचं मंगळसूत्र दवाखान्यातच वाढलं होतं म्हणे. तेव्हाच तिनं धसका घेतला."

मी तिथंच पायरीवर बसले. पाठीला ती लोकरीची पिशवी होती.

आपल्या भाषेचाही मला तेव्हा संताप आला. नारळ फोडायचा नाही, वाढवायचा. बांगडी फुटत नाही, वाढते. निघताना 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं. अशुभाला तोंडात येऊच द्यायचं नाही म्हणून इतके सोवळे शब्द करून ठेवले, आणि त्यातल्याच एकानं माझा गळा धरला. तिचं मंगळसूत्र तुटलं होतं आणि ते तसं म्हणायचं नसतं म्हणून ती 'वाढलं' म्हणाली. आणि मी, नवरा दवाखान्यात असलेल्या बाईला सांगितलं की उसव आणि फेकून दे. अपशकुनावर माझा विश्वास नाही. माझ्या बोलण्यानं कुणाचं हृदय बंद पडत नाही, हे मला कळतं. पण तिचा विश्वास आहे, आणि तिनं ते ऐकलं होतं.

दहाव्याला मी गेले नाही. नवऱ्याला पाठवलं, गुडघ्याचं निमित्त सांगितलं. तो आल्यावर मी विचारलं, "माझ्याबद्दल काही म्हणाली?" तो म्हणाला, "ताई कशा हायेत, म्हणाली." त्यावर मी दोन दिवस रडले. नंतर दर आठवड्याला ठरवायचे की आज फोन करू. काय सांगायचं तेही पाठ केलं होतं: अगं, मला टाके वाटले. पण ते सांगायचं तर तो शब्द पुन्हा तोंडातून काढावा लागणार होता. सिक्कीमची लोकर कपाटात तशीच राहिली. पताकांचे पाच रंग होते. मी एकही टाका घातला नाही. एकदा सुया हातात घेतल्या, टाके मोजायला लागले आणि चाळीसला येऊन थांबले.

असे सात महिने गेले. दिवाळी झाल्यावर एक दिवस मी नवऱ्याला न सांगता चाकणची बस पकडली. पुढं गावापर्यंत रिक्षा केली. कंपन्यांचे निळे पत्रे दोन्ही बाजूंनी गावाला येऊन टेकले आहेत, मधेच कुठंतरी कोबी दिसतो. तिचं घर मी पूर्वी एकदा पाहिलं होतं. ती ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती. कपाळ मोकळं होतं. मला पाहून ती उठली, तांब्या भरून आणला, सतरंजी टाकली. सगळं रीतीप्रमाणं. मी पाणीही प्यायले नाही आणि पाठ केलेलं एका दमात बोलून टाकलं. मला टाके वाटले गं. मी बॅग भरत होते. मला देवाशप्पथ टाके वाटले.

तिनं सूप बाजूला ठेवलं.

"ठावं हाय की मला, ताई. तवाच कळलं मला. म्या मनात म्हनलं, ताईंना टाकं वाटलं."

माझ्या छातीवरचा धोंडाच उतरला. खोटं कशाला बोलू, मला आधी सुटल्यासारखंच वाटलं. सात महिने मी उगाच जळत होते, ही तर पहिल्या क्षणालाच समजली होती! मी तिचा हात धरायला गेले.

"बाकड्यावर बसले व्हते," ती सांगत राहिली. "पदरात आडकलं आन् वाढलं. मनी समदं खाली. सासू आत यांच्यापाशी व्हती, ती यायच्या आत ववायचं व्हतं. मला ववता येतं वो, पर हात थरथरत व्हतं. तुमी येनार न्हाई एवढ्यात, हे बी ठावं व्हतं. निस्तं कुनीतरी म्हनायला पायजे व्हतं, की काय न्हाई होत, वव. तुमी म्हनलात फेकून दे. म्या म्हनलं, घाईत हायेत, आत्ता कळंल त्यांना, आन् करतील परत फोन. लई येळ फोन हातात धरून बसले व्हते, ताई."

मी म्हणाले, "मी सिक्कीमला होते."

"व्हय. पाह्यलं की स्टेटस. रोज बगायची, दवाखान्यात बसून."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मी त्याच्याशी भांडले असते, भांडायला मी कमी नाही. सात महिने मी एका शब्दाला दोष देत बसले होते, कारण शब्दाची चूक माफ होते. न केलेल्या फोनचं नाव मी स्वतःशीसुद्धा काढलं नव्हतं. लोकलनं तळेगाव तासाभराच्या आत येतं.

ती आत गेली आणि एक पिशवी घेऊन आली. पिशवीत वर मफलर होता, सुया तशाच खोचलेल्या, लाल रंगापर्यंत न पोचलेला. तो तिनं काढून मांडीवर ठेवला. त्याच्याखालून तोरण काढलं आणि सतरंजीवर पसरलं.

सिक्कीम होतं. माझ्याच स्टेटसचा फोटो. पांढरे डोंगर, मध्ये गोठलेलं तळं, वर पताकांची ओळ, पाचही रंग जिथल्या तिथं. नेहमीची वाटणी तिनं मोडली नव्हती. मी हिंडून आले होते आणि तिनं ओवलं होतं. खालच्या कोपऱ्यात पाचसहा लाल मण्यांची एक बाई उभी होती. माझं जाकीट लाल होतं. त्या बाईच्या हाताशी एकच काळा मणी होता. अख्ख्या तोरणात दुसरा काळा कुठं नव्हता.

"हे काय गं?"

"फोन," ती म्हणाली. "फोटूत तुमच्या हातात हाय की."

मला वर बघवेना. तिनं बोटानं तो मणी जरा सरळ केला.

"त्या दिशी ववताना एक कमी भरला व्हता. समदं झाल्यावर, पिशवी धुताना शिवनीत घावला. तवर मंगळसूत्र न्हवतं ऱ्हायलं. आता ह्यो कुटं लावायचा, म्हून हितं लावला."

मग तिनं तोरणाची घडी केली, माझ्या हातात दिली आणि चहा टाकायला आत गेली.