डोहाकाठच्या चपला

ती घटना आठवली की आधी कानात पाण्याचा आवाज घुमू लागतो. नव्वदच्या दशकाची सुरुवात असेल. मी पनवेल तालुक्यात फौजदार होतो. श्रावणातल्या एका रविवारी दुपारी माथेरानच्या पायथ्याच्या ठाकूरवाडीतून पोलीस पाटलाचा माणूस सायकल हाणत ठाण्यात आला. मुंबईहून नवरा आणि त्याच्या मित्रांबरोबर धबधबा पाहायला आलेली, लग्नाला चारेक वर्षं झालेली एक बाई डोहात पडली, असा निरोप होता.

दोन हवालदार आणि दोर घेऊन निघालो. जीपचा रस्ता संपला तिथे चहाची टपरी होती. टपरीवाल्याने मला बाजूला घेतलं.

"सायेब, ती पडली नाय. नवरा-बायकोचं हितंच भांडान झालं. ती रडत एकटीच वर गेली."

लग्नाला चारेक वर्षं झालेली बाई, भांडण आणि डोह. चढण चढता चढताच माझ्या डोक्यात हुंडाबळीची, आत्महत्येची कलमं जुळायला लागली.

वळणावर धबधबा समोर आला आणि ती कलमं जागच्या जागी विसरलो. अख्खा डोंगरच पाणी होऊन खाली येत होता. खडकावर उभं राहिलं तर पायाखालची जमीन हादरत होती. शेजारचा हवालदार तोंड हलवत होता, शब्द ऐकू येत नव्हता. या रूपापुढे माणसाने हातच जोडावेत, आणि मी आलो होतो मढं शोधायला.

वाडीतली माणसं डोहात बांबू घालून तळ चाचपत होती. सकाळी पाणी बेताचं होतं, डोंगरावर पाऊस झाल्याने ते अचानक वाढलं, असं त्यांनी सांगितलं. काठावर बाईच्या चपला नीट जोडून ठेवलेल्या होत्या. नवऱ्याला मी आवाजापासून दूर, झाडीत नेलं. मुंबईत नोकरी करणारा, सरळ वाटणारा माणूस. थंडीने नव्हे, भीतीने कापत होता.

"भांडण झालं होतं?"

"नाही साहेब. ती पुढे गेली, पाय घसरला."

"पाहिलंत?"

"नाही. मी आणि मित्र मागे होतो. येऊन बघतो तर नुसत्या चपला."

"पाय घसरणारं माणूस चपला जोडून ठेवत नाही. खरं बोला."

तो मटकन खाली बसला. मी दरडावणं सोडून त्याच्या शेजारी बसलो. मग ओंजळीत तोंड घालून बोलत राहिला. मूल होत नव्हतं. इथल्या देवीची ओटी भरली की कूस उजवते, असं शेजारणीने तिला सांगितलं होतं. टपरीवर तिने पिशवीतून खण-नारळ काढला तेव्हा मित्रांसमोर याने तिची टर उडवली. "आता तिने जीव दिला असेल तर माझ्यामुळेच. हे कुठल्या तोंडाने सांगू?"

मी परत डोहाकडे धावलो आणि पोलीस पाटलाच्या कानाशी ओरडलो, "इथे देवी कुठे आहे?"

त्याने कोसळत्या पाण्याकडे बोट केलं. "पान्याच्या मागं. कपारीत हाय."

"मग तिथे का नाही बघितलं?"

"तिथं बायाच जातात, सायेब. बाप्यांनी जायाचं नाय. आनी त्या मुंबयच्या लोकांनी पडली म्हनून सांगितलं, आमी डोहात बघितलं."

चपला देवीसाठी काढल्या होत्या, आणि पाणी वाढल्यावर ती आतच अडकली असणार! मी हवालदाराला वाडीकडे पिटाळलं. तिघी बायका आल्या, पदर खोचला, दोर कमरेला बांधला. मी पुढे सरकलो तर त्यांतली वयस्क बाई म्हणाली, "तुमी हितंच थांबा." वर्दीतला मी मुकाट्याने थांबलो. खडकाला चिकटून त्या एकेक करून पाण्याआड गेल्या.

तो वेळ किती मोठा होता, सांगता येत नाही. मी दोराचं दुसरं टोक घट्ट धरून होतो. मग त्या पांढऱ्या धारेतून आधी एक हात आला, मग डोकं, आणि तिघींच्या मधे ती. ओठ निळे पडलेले, पण जिवंत! मी देवभोळा नाही, तरी माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

नवरा खडकावर तिच्या पायाशी बसला. घोंगडी गुंडाळल्यावर ती एवढंच म्हणाली, "पाण्यातून मला तुम्ही सगळे दिसत होतात. मी हाका मारत होते आणि तुम्ही मला डोहात शोधत होतात."

खोटं बोलणारा प्रत्येक जण गुन्हाच लपवतो असं नाही. पुष्कळदा तो लाज लपवत असतो, आणि ती लाज बाहेर काढायला दंडुका नव्हे, सबुरी लागते. पुढच्या नोकरीत संशयितासमोर बसलो की हे मी स्वतःला बजावत असे. त्या नवऱ्याला मी आणखी तासभर नुसता दरडावत बसलो असतो, तर थंडीने गारठलेली ती बाई आमच्या डोळ्यांसमोर, पाण्यापलीकडे, हाका मारत मेली असती.