शेजारच्या फाटकावरचा पत्रा

सांगायची वेळ आली की मी आजवर विषय बदलत आलो. पाण्याचा टँकर, मेट्रोचं खोदकाम, माझे गुडघे — काहीही चालतं. मुलाला सांगितलं नाही. देवापुढे उभा राहिलो तेव्हाही डोळे मिटून दुसरंच काहीतरी मागितलं. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. ओळखीच्या माणसापुढे जीभ उचलत नाही — असं का होत असेल?

आम्ही तंजावरकडचे मराठी. पिढ्यान्‌पिढ्या इकडेच, तमिळ मुलखात. नुंगंबाक्कमच्या एका गल्लीत माझं घर आणि सेतूचं घर, मध्ये कमरेएवढी भिंत. सेतुमाधवराव माझा शाळेपासूनचा मित्र. त्याची रुक्मिणी आणि माझा प्रकाश त्या भिंतीवर बसून एका वाटीतला मुरुक्कू — आपली चकलीच ती — खात मोठे झाले. प्रकाश इंजिनिअर झाला. रुक्मीनं नर्सिंग घेतलं तेव्हा मी सेतूला म्हणालो होतो, "रावांच्या घरातली पोर लोकांची घाण उपसणार का रे?" तो हसला. मी गंमत करतोय असं त्याला वाटलं. गंमत नव्हती ती.

पुढे प्रकाश सिंगापूरला गेला, रुक्मी आयर्लंडच्या एका इस्पितळात. तोवर माझं पारडं जड होतं — निदान माझ्या मनातल्या तराजूत. सेतूच्या घरी असा तराजू होता की नाही, मला आजही ठाऊक नाही.

मग ती साथ आली. प्रकाशच्या कंपनीनं माणसं कमी केली, आणि कमी करायची वेळ आली की परक्यांपासून सुरुवात होते. कामाचा परवाना रद्द झाला, पोरगा दोन बॅगा घेऊन घरी. वर इस्त्रीचा शर्ट, खाली लुंगी, अशा थाटात तो फोनच्या कॅमेऱ्यापुढं मुलाखती द्यायचा. नकार आला की फोन उलटा ठेवून गच्चीवर जायचा. रुक्मीही रजेवर आली होती ती विमानं थांबल्यामुळे अडकलेली. दोघंही घरी. आणि — हेही सांगूनच टाकतो — ती अडकली याचं मला बरं वाटत होतं.

एके सकाळी सेतू भिंतीवरून ओरडला, "ऐकलंस का गोविंदा? सगळ्या देशांनी दारं लावली, पण आमच्या पोरीसाठी खिडकी उघडली बघ!"

तिला परत बोलावलं होतं. इंजिनिअर नकोत, हिशेबनीस नकोत, पर्यटक नकोत, नर्स हव्यात. खास विमान सुटणार होतं, त्यात तिला जागा मिळाली. ती वेळेत हजर झाली नाही तर इस्पितळ दुसरीला घेणार, आणि तिच्या परवान्याची मुदतही सरत आलेली. सेतूनं हे सगळं मला कौतुकानं सांगितलं. शेवटी म्हणाला, "तुझा तो बॅग तोलायचा काटा दे की. प्रकाशला तूर्त लागायचा नाही ना?"

त्याच्या मनात काही नव्हतं. पण तो काटा मी प्रकाशच्या पहिल्या प्रवासासाठी घेतला होता. आत जाऊन आणला, दिला, हसलोसुद्धा. त्या दिवशी जेवण गेलं नाही. पोरीचा हेवा — ज्या पोरीला मी सायकल शिकवली होती! हेवा म्हणजे नुसतं जळणं असतं असं लोक म्हणतात. माझा हेवा थंड होता. त्यानं मला नीट विचार करू दिला.

आमच्या जुन्या घरांत बायका पाळीच्या दिवसांत बाजूला बसतात. माझी बायको जाईपर्यंत पाळत होती. सेतूच्या घरी अजून पाळायचे. निघायच्या आधीच्या आठवड्यात रुक्मी परसातल्या खोलीत बसली होती — वेगळी चटई, वेगळं ताट. भिंतीवरून मला म्हणाली, "अय्यो काका, तिथं अख्खा वॉर्ड माझ्या हाताखाली, आणि इथं आई पाणीसुद्धा वरून ओतते! जाऊ दे, तिचं मन कशाला मोडू?"

म्हणजे ती बाजूला का बसली होती हे मला माहीत होतं. गैरसमज वगैरे काही नव्हता.

घरात शिरलो आणि महापालिकेच्या आरोग्य खात्याला फोन लावला. सांगितलं, शेजारी परदेशातून आलेली मुलगी आहे. ताप दिसतोय. घरच्यांनी परसातल्या खोलीत लपवून ठेवलंय, ताटही वेगळं. पलीकडचा माणूस सौम्यपणे म्हणाला, "पेर् सोल्ल वेंडाम, सार्." नाव सांगायची गरज नाही. त्यानं आभारही मानले. आभार!

दुपारी ती माणसं आली. वेगळी खोली, वेगळं ताट त्यांना दिसलंच. आणखी काय हवं होतं? सेतूची बायको संकोचानं खरं कारण सांगत होती, ते ऐकायला कुणी थांबलं नाही. घरातलं कुणी बाहेर पडू नये म्हणून फाटकावर पत्रा ठोकला. रुक्मी पत्र्याआडून ओरडत होती, "तपासा ना मला, आत्ता तपासा!" तपासणीत काही निघालं नाही, पण तो निकाल येईपर्यंत विमान गेलं होतं. विलगीकरणाचे दोन आठवडे भरल्याशिवाय पत्रा निघाला नाही. इस्पितळानं वाट पाहिली नाही. तिथले रोगी तरी कशी पाहणार? तिची जागा दुसऱ्या कुठल्या तरी देशातल्या नर्सनं भरली असेल.

पत्रा निघाला त्या दिवशी सेतू काटा परत द्यायला आला. "आता लागत नाही," म्हणाला. मग हळूच, "कुणाची दृष्ट लागली रे?" मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "जग वाईट आहे, सेतू." हाच हात. याच हातानं फोन लावला होता.

प्रकाशला पुढं श्रीपेरुंबुदूरच्या एका कारखान्यात काम मिळालं. उत्तरेकडची कामगार पोरं साथीत गावी गेली, बरीच परतली नाहीत. शिकलेल्या माझ्या पोरानं त्यातल्या एकाची जागा घेतली. पहाटे कंपनीची बस येते, तो मुकाट्यानं चढतो. कुणीतरी गेल्याशिवाय कुणाला जागा नाही, असे ते दिवस होते खरे. पण रुक्मीच्या जागेवर माझ्या घरचं कुणी जाणार नव्हतं. तिचं बुडलं, एवढंच मला हवं होतं.

सेतू गेला. रुक्मी राहिली, आईजवळ. जवळच्याच एका नर्सिंग होममध्ये काम करते. तिकडं जायचं तिनं पुन्हा बोलून दाखवलं नाही. मला ताप आला तर न बोलावता येते, कपाळाला हात लावते. तिचा हात लागला की मी डोळे मिटून घेतो.

गेल्या महिन्यात मी ठरवून तिच्या दारात गेलो. शब्द पाठ केले होते — रुक्मी, तो फोन मी केला होता. तुला ताप नाही हे मला माहीत होतं. मला क्षमा कर. तिनं दार उघडलं. हाताला पीठ लागलेलं. "या काका," म्हणाली, "काय हवं होतं?"

मी म्हणालो, "थोडा कढीपत्ता आहे का गं?"